वाल्देमारचा गाल आणि सॅलडचं मीठ

गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनाला इर्माबाईंच्या ताटात कोंबडीची जी तंगडी पडली, ती हाडापाशी गुलाबी निघाली. एवढंच झालं. नदीला पूर आला नाही, कुणी दवाखान्यात गेलं नाही, कुणाचं पोटसुद्धा बिघडलं नाही. पण इर्माबाईंनी ती तंगडी काट्याला टोचून वर धरली, शेजारच्या तिघींना दाखवली, मग पलीकडच्या टेबलावर पाहायला पाठवली, आणि हॉलला पूर्ण प्रदक्षिणा घालून तंगडी परत येईपर्यंत वाल्देमार बिदार्तेची अठरा वर्षांची अब्रू धुळीला मिळाली होती.

पायसांदू गावातली ही सहकारी वसाहत चव्वेचाळीस घरांची. लोकांनी रविवारी रविवारी राबून, आपल्या हातांनी विटा रचून बांधलेली. त्यामुळे एकही भिंत सरळ नाही आणि एकही माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. इथे प्रत्येक गोष्ट सभेत ठरते. कपडे वाळत घालायची दोरी किती उंचावर असावी यावर एकदा चार सभा झाल्या आणि शेवटी दोरी जिथे होती तिथेच राहिली. नोव्हेंबरातल्या वर्धापनदिनाला मात्र सगळे भांडणं विसरून हॉलच्या अंगणात जमतात. तिथल्या मोठ्या जाळीवर लाकडाच्या निखाऱ्यांवर मांस भाजलं जातं, आणि ते भाजणारा आसादोर म्हणजे वाल्देमार.

वाल्देमार गावात दाखल्यांच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. एकतीस वर्षांत त्याने कितीतरी लोकांना जन्माचे, लग्नाचे आणि मृत्यूचे दाखले दिले. एकानेही दाखला हातात घेऊन टाळ्या वाजवल्या नाहीत. उलट बहुतेक जण नावातली चूक दाखवायला परत यायचे. वर्धापनदिनाची गोष्ट वेगळी होती. लोकांनी पहिला घास घेतला की कुणीतरी ओरडायचं, "आसादोरसाठी टाळ्या!" आणि सव्वाशे माणसं काटे-सुऱ्या खाली ठेवून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची. वाल्देमार एप्रनला हात पुसत मान किंचित खाली घालायचा. ही मान किती खाली घालायची याचा सराव तो आठवडाभर आरशासमोर करत असे, हे फक्त त्याची बायको नेलिदा जाणून होती.

गेल्या वर्षी कुणी ओरडलंच नाही. वाल्देमार गोड पदार्थ वाढून होईपर्यंत एप्रन न काढता जाळीपाशी उभा राहिला. मग नेलिदा त्याला हाताला धरून घरी घेऊन गेली. हे त्याला फार लागलं होतं.

आता त्याची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या पद्धतीवरून झालं. वाल्देमार मांसाला सुरी लावत नसे. तर्जनीने ते दाबायचा आणि लगेच तेच बोट स्वतःच्या गालावर दाबायचा. मांस गालाइतकं मऊ लागलं तर कच्चं, हनुवटीइतकं लागलं तर तयार, कपाळाइतकं लागलं तर आसादोरने गाव सोडून जावं. हे शास्त्र त्याला मामाकडून मिळालं होतं. बोट मांसावर, बोट गालावर, बोट मांसावर, बोट हनुवटीवर असं चाललं की अंगणातली माणसं बोलायची थांबायची. शेवटी वाल्देमार डोळे मिटून म्हणायचा, "झालं!"

या पवित्र क्षणाला एकच गालबोट होतं, आणि ते नेलिदा. बाई गुणाची, हिशेबाची, वसाहतीची सचिव, अक्षर मोत्यासारखं. पण दर वर्षी, नेमका तो शेवटचं बोट लावायला वाकला की सॅलडच्या टेबलावरून हिची हाक यायची, "वाल्दे, सॅलडला मीठ घालू का?" अठरा वर्षं! मीठ आधी घातलं की टोमॅटोला पाणी सुटतं, हे खरं. पण म्हणून दर वर्षी विचारायचं? वाल्देमार वैतागून बोट दाबायचा आणि ओरडायचा, "घाल, घाल! झालंच आहे!" मित्रांना तो सांगायचाही, "बायको सोन्यासारखी आहे हो, पण मिठाचं अजून तिला कळत नाही."

तर तंगडीनंतर सभा बसली. सभेत उठल्या मिर्ताबाई ओलासाबाल. तीस वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काढलेल्या, सरळ पाठीच्या, सरळ बोलणाऱ्या बाई. वसाहतीत सगळे माटेचं, म्हणजे इथल्या कडवट पाल्याच्या चहाचं, पाणी किटलीच्या आवाजावरून उतरवतात. मिर्ताबाई किटलीत थर्मामीटर बुडवतात आणि ऐंशी अंशांवर उतरवतात. हे कळल्यापासून त्यांच्याकडे माटे प्यायला जाणाऱ्यांची संख्या घटली होती, पण बाईंनी पाणी एक्क्याऐंशीवर जाऊ दिलं नाही.

"माझा वाल्देमारवर काही राग नाही," मिर्ताबाई म्हणाल्या. "पण गाल हे मोजमाप नव्हे. माणूस जाड झाला, बारीक झाला, की गाल बदलतो. थर्मामीटर बदलत नाही. मांसाच्या मध्यभागी खुपसायचा, अडुसष्ट अंश आले की उतरवायचं. विषय संपला."

"खुपसायचा?" वाल्देमार उठून उभा राहिला. "मांसाला भोक पाडायचं? आणि त्यातून रस गळून गेला की लोकांनी काय खायचं, अंश?"

"तंगडी कच्ची होती," इर्माबाईंनी आठवण करून दिली.

"हाडाजवळ गुलाबी म्हणजे कच्ची नव्हे, बाई! तुम्हीसुद्धा रागावलात की गुलाबी होता, म्हणून काय तुम्ही कच्च्या?"

इर्माबाई ताबडतोब गुलाबी झाल्या. अध्यक्ष आपारिसियो यांनी घंटा वाजवली. आपारिसियो हे फार सज्जन गृहस्थ. कुठल्याही पेचात त्यांचा हात आपोआप खिशातल्या नियमावलीकडे जातो, आणि नियमावलीत उत्तर नसलं की ते एक उपसमिती नेमतात. त्यांनी उपसमिती नेमली. उपसमितीने तीन सभा घेऊन ठरवलं की, यंदा जाळीचे दोन भाग करावेत. डावीकडे मिर्ताबाई थर्मामीटरने भाजतील, उजवीकडे वाल्देमार बोटाने. ज्याचं मांस चांगलं, त्याच्या हाती निखारे ओढायची सळई कायमची. हरणाऱ्याने सॅलडच्या टेबलावर बसून कांदे चिरावेत.

मिर्ताबाईंनी पुढे सुचवलं की थर्मामीटरची प्रत्येक नोंद वहीत व्हावी आणि तिच्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्यात. मंजूर. इर्माबाईंनी सुचवलं की वही लिहिणार सचिव, आणि सचिव पडली वाल्देमारची बायको, तेव्हा तिने भाजणं संपेपर्यंत मांसाविषयी चकार शब्द काढू नये. तेही मंजूर. नेलिदाने मान डोलावली आणि स्वतःच्या मौनाचा ठराव स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून घेतला.

घरी आल्यावर वाल्देमारने विचारलं, "तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"माटे पितोस का?" नेलिदा अंगणातून म्हणाली. "पाणी झालंय, उतरव."

वाल्देमार किटलीच्या शेजारीच बसला होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. त्याने किटली उतरवली आणि पुन्हा मिर्ताबाईंना नावं ठेवायला लागला.

पुढे वर्धापनदिनापर्यंत वसाहतीला दुसरा विषय नव्हता. ज्यांनी आयुष्यात अंडं उकडलं नव्हतं, तेही वाल्देमारला रस्त्यात थांबवून सल्ले देऊ लागले. कुणी म्हणालं तर्जनी नको, मधलं बोट वापर, ते जास्त प्रामाणिक असतं. कुणी म्हणालं बोटाला आठवडाभर तेल लाव. कोपऱ्यावरच्या घरातले एक निवृत्त खलाशी म्हणाले, मांस दाबू नकोस, त्याला दाबून घेऊ दे. याचा अर्थ वाल्देमारला अजून लागलेला नाही. तो मात्र सराव करत राहिला. सोफा दाबायचा आणि गाल दाबायचा, पाव दाबायचा आणि हनुवटी दाबायची. एकदा बसमध्ये पुढच्या सीटची गादी दाबून तो गाल चाचपत बसला, तेव्हा शेजारची बाई उठून उभी राहिली.

आणि वर्धापनदिनाला तीन दिवस उरले असताना त्याची दाढ दुखायला लागली.

दंतवैद्याने ती काढली. संध्याकाळपर्यंत उजवा गाल सुजून आला. उजवा, म्हणजे कामाचा. डाव्या गालावर वाल्देमारने कधी बोट ठेवलं नव्हतं. त्याने आरशासमोर उभं राहून सुजलेला गाल दाबला. गाल कपाळाइतका घट्ट लागत होता.

ही बातमी कळल्यावर शेजारी आले. एकीने बर्फ आणला, दुसरीने गरम बटाट्याचं पोटीस, तिसरीने कुठल्याशा पाल्याचा काढा. वाल्देमारला कुणाचंच मन मोडवत नसे. त्याने आधी बर्फ लावला, त्यावर बटाटा, आणि काढ्याच्या गुळण्या केल्या. सकाळी गाल आणखी मोठा झाला होता. नेलिदा म्हणाली, "पुढे ढकलायला सांगू का आपारिसियोंना?"

"नाही," वाल्देमार म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडातून अर्धवटच बाहेर आला, पण निश्चय पुरा होता.

वर्धापनदिन उजाडला तो छान, कोवळ्या उन्हाचा. अंगणात लांबच लांब टेबलं मांडली होती. वाल्देमारने दहा वाजताच लाकडं पेटवली. निखारे तयार झाल्यावर त्याने सळईने ते ओढून जाळीखाली पसरले, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे, एक निखारा इकडचा तिकडे नाही. शत्रूलासुद्धा त्याने चांगली आच दिली, हे मिर्ताबाईंनी पाहिलं आणि त्याला मान दिला. दोन्हीकडे बरगड्यांच्या पट्ट्या, पोटाकडचे जाड तुकडे, कोंबडीच्या तंगड्या आणि चोरिसो, म्हणजे आतड्यात भरलेले मसालेदार सॉसेज, चढले. वास सुटला. नेलिदा मधोमध खुर्चीवर वही घेऊन, ओठ मिटून बसली. सॅलडचं टेबल यंदा इर्माबाईंकडे होतं.

पहिली हरकत इर्माबाईंनीच घेतली. "अध्यक्ष, आसादोरचा गाल नेहमीचा नाही. मोजायचं साधनच नादुरुस्त आहे."

आपारिसियोंनी नियमावली काढली. गालाच्या दुरुस्तीविषयी तीत काही नव्हतं. बराच विचार करून त्यांनी निर्णय दिला की आसादोरने वसाहतीतल्या दुसऱ्या कुणाचा तरी गाल, त्याच्या संमतीने, वापरावा.

वाल्देमारच्या आयुष्यातला हा सर्वांत लाजिरवाणा तास. त्याने मांस दाबलं आणि आपारिसियोंचा गाल दाबला. तो पिठासारखा मऊ निघाला. मग खलाशाचा दाबला, तर तो बुटाच्या तळव्याइतका कडक. पहिल्या गालाप्रमाणे मांस कधीचंच झालं होतं, दुसऱ्याप्रमाणे ते अजून जाळीवर चढायचं होतं. वसाहतीतले लोक मदतीला धावून आले. पाहता पाहता जाळीसमोर गाल पुढे करून उभ्या राहिलेल्यांची रांग लागली, आणि प्रत्येकाच्या गालावर चरबीचा आणि काजळीचा एकेक ठिपका उमटला. जो तो आपलाच गाल खरा असं सांगत होता. एका बाईंनी तर आपला गाल मामाच्या गालाशी जुळतो का, हे विचारायला वाल्देमारच्या मामाचा फोटो मागितला.

डावीकडेही सगळं आलबेल होतं असं नाही. मिर्ताबाईंनी बरगडीत थर्मामीटर खुपसला तर तो हाडाला लागला आणि शहाऐंशी म्हणाला. बोटभर बाजूला खुपसला तर बावन्न म्हणाला. बरगडीचा मध्य नेमका कुठे, यावर त्यांची आणि साक्षीदारांची चर्चा झाली. बाई प्रामाणिक, त्यांनी दोन्ही आकडे सांगितले. नेलिदाने लिहून घेतले. साक्षीदारांनी चष्मे शोधून सह्या केल्या. तोवर आकडे जुने झाले होते, म्हणून पुन्हा खुपसला. अशा एकेचाळीस नोंदी झाल्या. बरगडीची चाळण झाली होती.

मग मिर्ताबाई चोरिसोकडे वळल्या.

चोरिसोला टोचायचं नाही, हे या देशात मूल बोलायच्या आधी शिकतं. मिर्ताबाईंनाही ते ठाऊक होतं. त्यांचा हात क्षणभर थांबला, हे वाल्देमारने स्वतः पाहिलं. पण नियम म्हणजे नियम. अंगण श्वास रोखून उभं राहिलं. बाईंनी डोळे किंचित मिटले आणि टोचलं.

आतल्या चरबीची चिळकांडी उडाली ती थेट आपारिसियोंच्या पांढऱ्या शर्टावर. उरलेली निखाऱ्यांवर पडली आणि हातभर उंच जाळ उठला. मिर्ताबाई मागे सरल्या. थर्मामीटर चोरिसोतच राहिला. वाल्देमारने सगळं वैर विसरून सळईने निखारे मागे ओढले, जाळ बसवला, मांस वाचवलं. थर्मामीटरला मात्र वाचवता आलं नाही. त्याचं प्लॅस्टिकचं डोकं हळूहळू एका बाजूला कललं. शेवटपर्यंत तो एकशे चार दाखवत होता.

"नोंद करू का?" एका साक्षीदाराने हळूच विचारलं.

दीड वाजून गेला होता. डावीकडे थर्मामीटर नव्हता, उजवीकडे गाल नव्हता. टेबलांवर सव्वाशे भुकेली माणसं हातात काटे घेऊन बसली होती. आपारिसियो शर्ट पुसत नियमावलीची पानं उलटत होते. मिर्ताबाई वाल्देमारजवळ आल्या आणि फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझं साधन गेलं. तुझं बोट काय म्हणतंय ते सांग, मी तेच करते. लोकांचं जेवण वाया जायला नको."

चांगली बाई. वाल्देमारला तिच्याशी खोटं बोलवेना. त्याने पोटाकडच्या जाड तुकड्यावर बोट ठेवलं आणि अगदी मनापासून दाबलं. बोट काहीच म्हणालं नाही. त्याने स्वतःचा डावा गाल दाबला, हनुवटी दाबली, पुन्हा मांस दाबलं. सगळं मांसासारखं लागत होतं. त्याच्या लक्षात आलं की दाढेचा आणि सुजेचा यात काही दोष नव्हता. बोटाने आजवर कधीच काही सांगितलं नव्हतं. मग अठरा वर्षं त्याला कसं कळत होतं?

त्याने सवयीने मान वळवून सॅलडच्या टेबलाकडे पाहिलं. तो कशाची तरी वाट पाहत होता. तिथे इर्माबाई उभ्या होत्या आणि गप्प होत्या. तंगडीआधीची अठरा वर्षं याच वेळेला तिथून एक हाक येत असे. ती हाक आली की तो चिडायचा, चिडून बोट दाबायचा, आणि मांस झालेलं असायचं. अठरा वेळा आली होती. अठराही वेळा झालेलं होतं. गेल्या वर्षी तेवढी आली नव्हती, कारण नेलिदा फोनवर बोलायला आत गेली होती, आणि गेल्याच वर्षी तंगडी गुलाबी निघाली.

वाल्देमारने सळई जाळीला टेकवली. एप्रनला हात पुसले. गालावर, हनुवटीवर, कपाळावर काजळीचे पट्टे असलेला तो माणूस चालत नेलिदाच्या खुर्चीपाशी गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला,

"नेलिदा, सॅलडला मीठ घालू का?"

नेलिदाने वहीतून वर पाहिलं. मग ती गालातल्या गालात हसली.

"हरकत!" आपारिसियो म्हणाले. "सचिवांनी मांसाविषयी बोलायचं नाही, असा ठराव आहे."

"मी मांसाचं कुठे विचारतोय?" वाल्देमार म्हणाला. "सॅलडचं विचारतोय."

आपारिसियोंनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे पाहिली. सॅलडविषयी एक शब्द नव्हता. "मग बोला," ते म्हणाले.

नेलिदाने पेन वहीत ठेवलं आणि डोळे मिटले. लहान मुलं ओरडत होती, टेबलांवर काटे वाजत होते, कुणीतरी गिटार जुळवत होतं. या सगळ्यातून ती जाळीकडे कान लावून बसली होती. वाल्देमारनेही कान लावला. त्याला नुसता चुर्र असा आवाज आला, जसा सकाळपासून येत होता.

"थांब," ती म्हणाली.

सव्वाशे माणसं थांबली. सॅलडला मीठ घालायला एवढा विचार कशाला, असं इर्माबाई पुटपुटल्या. दोन मिनिटं गेली असतील, तीन गेली असतील.

"घाल आता," नेलिदा म्हणाली.

"झालं!" वाल्देमार गरजला, आणि मिर्ताबाईंकडे वळून म्हणाला, "दोन्हीकडचं उतरवा, शेजारीणबाई. तुमचंही झालंय."

मांस कसं झालं होतं ते सांगण्यात अर्थ नाही, ते खाण्यातच अर्थ होता. उजवीकडचं उत्तम झालं होतं. डावीकडचंही उत्तम झालं होतं, फक्त त्याला भोकं जास्त होती. इर्माबाईंनी तंगडी हाडापर्यंत सोलून तपासली आणि मग निमूटपणे खाल्ली. त्यांनी दुसरी मागितली, हे नेलिदाने वहीत लिहिलं. मिर्ताबाई जाळीपाशीच उभ्या राहून चावत होत्या. शेवटचा घास गिळून त्या म्हणाल्या, "सळई तुझीच. मी कांदे चिरते. पण एवढं सांग, तुला कळलं कसं?"

"सगळं बोटानेच कळतं असं नाही, मिर्ताबाई," वाल्देमार म्हणाला. हे त्याच्या वीस वर्षांच्या कारकिर्दीतलं पहिलं खरं वाक्य होतं.

आणि मग खलाशी उठला, ग्लास वर धरला आणि ओरडला, "आसादोरसाठी टाळ्या!"

टाळ्या झाल्या. गेल्या वर्षीच्या राहिलेल्याही बहुधा त्यातच धरल्या असाव्यात, कारण त्या लवकर थांबेनात. वाल्देमारने आरशासमोर बसवलेली मान घालायला घेतली, आणि ती घालता येईना. त्याने नेलिदाकडे पाहिलं. ती सॅलडच्या टेबलाशी हातात मिठाचं भांडं घेऊन उभी होती. त्याने तोंड उघडलं, "मंडळी, खरं म्हणजे हे..."

नेलिदाने एवढ्या जोराने मान हलवली की भांड्यातलं मीठ सांडलं. नको, असं ती नुसत्या ओठांनी म्हणाली.

तेव्हा वाल्देमारला दुसरं काही सुचलं नाही. त्याने हात वर केले आणि स्वतःच टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

वसाहतीच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. आसादोर मान खाली घालतो, फार तर छातीवर हात ठेवतो. स्वतःसाठी टाळ्या वाजवणारा आसादोर कुणी पाहिला नव्हता. लोकांच्या टाळ्या विरळ होत गेल्या आणि थांबल्या. "अगं बाई," इर्माबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "हा तर स्वतःचंच कौतुक करतोय!" वाल्देमारने ते ऐकलं. त्याचे कान तापले. पण तो सगळ्यांच्या डोक्यांवरून सॅलडच्या टेबलाकडे पाहत एकटाच टाळ्या वाजवत राहिला, अठरा वर्षांच्या, सावकाश, तळवे दुखेपर्यंत. आणि मिठाचं भांडं घेऊन उभी असलेली नेलिदा केसांच्या मुळापर्यंत लाल झाली होती.

दुपारी घरी जाताना त्याने विचारलं, "तुला कळतं तरी कसं?"

"चरबी आधी भांडते, मग कुरकुरते, मग गप्प होते," ती म्हणाली. "गप्प झाली की झालं."

"आणि मला सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कधी? आणि बोट दाबताना तू इतका खूश दिसतोस." थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आज सांगून बसला असतास, तर पुढच्या वर्षी मला त्या धुरात उभं केलं असतं त्यांनी. मला माझं सॅलडचं टेबल बरं. तिथे सावली आहे."

पुढच्या सभेत इर्माबाईंनी ठराव मांडला की आसादोरने स्वतःसाठी टाळ्या वाजवू नयेत. तो एकमताने मंजूर झाला, आणि वसाहतीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ. वाल्देमारने स्वतः बाजूने हात वर केला. वर्षभर लोक त्याला रस्त्यात पाहिलं की दोन टाळ्या वाजवून हसायचे, आणि तोही हसायचा.

त्या सभेत नेलिदाने उभं राहून वर्धापनदिनाचं इतिवृत्त वाचलं. एकेचाळीस नोंदी वाचल्या, थर्मामीटरचं निधन वाचलं, सॅलडला मीठ घातल्याची वेळ वाचली. मग शेवटची ओळ आली. "आसादोरसाठी टाळ्या झाल्या," तिने वाचलं. "आसादोरनेही वाजवल्या."

इथे तिचा आवाज जरा अडखळला. चष्मा बदलायला हवा, असं ती म्हणाली, आणि खाली बसली.